उमेदवाराला विचारा, रस्ता किती इंच चढवणार?

एरवी या सदरात गच्चीची गळती, सेप्टिक टँक, वरच्या मजल्याचं सांडपाणी असले विषय येतात. या खेपेला मात्र जवळपास सगळी पत्रं निवडणुकीची. साहजिकच आहे. १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान आहे. पुण्या-मुंबईत याआधीचं मतदान फेब्रुवारी २०१७ मध्ये झालं होतं. तेव्हा लग्न ठरलेल्या मुलींची पोरं आता दुसरीत जातात. मधली जवळपास चार वर्षं प्रशासकांची गेली.

मी कोणाला मत द्या ते सांगणार नाही. आमच्या घरातच तीन माणसं आणि तीन पक्ष आहेत, त्यामुळे या विषयावर गप्प बसायची मला सवय आहे. एका महापालिकेच्या ड्रेनेज खात्यात बत्तीस वर्षं काढली, कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. जे सांगते ते तिथलं.

प्रश्न : आमची सोसायटी सिंहगड रस्त्याला नदीकडेला आहे. २५ जुलै २०२४ च्या पहाटे पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात गेल्या. तळमजल्यावरच्या आजींना खुर्चीत बसवून जिन्याने वर नेलं. आता प्रचाराला येणारा प्रत्येक जण 'पूरमुक्त प्रभाग' म्हणतो. नगरसेवकाच्या हातात खरंच काय असतं? धरण तर त्याचं नसतं. (एक वाचक, पुणे)

उत्तर : धरण त्याचं नसतं, बरोबर. खडकवासल्याचे दरवाजे किती उघडायचे हे जलसंपदा विभाग ठरवतो. म्हणून 'पूरमुक्त' म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा आणि दोन आकडे समोर ठेवा.

मुठेची निळी पूररेषा ६० हजार क्युसेकची (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) आणि लाल १ लाखाची. निळी म्हणजे ढोबळमानाने पंचवीस वर्षांत एकदा येईल असा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येईल असा. त्या पहाटे धरणातून सोडलेलं पाणी सुमारे ३५ हजार क्युसेक होतं. त्यात धरणाच्या खाली पडलेल्या पावसाची आणि ओढ्यांची भर पडली, हे मान्य. तरीही निळ्या रेषेच्या हिशेबाच्या बऱ्याच आत असताना तुमच्या जिन्याला पाणी का लागलं, हा प्रश्न उरतोच. नदी तेवढीच आणि पाणी कमी असूनही जागा पुरत नसेल, तर जागा कोणी तरी खाल्ली आहे. पाडलेल्या वाड्यांचा, इमारतींचा राडारोडा रात्री ट्रकने येतो आणि नदीच्या कडेला ओतला जातो. त्यावर मुरूम पडतो, मग पत्र्याची शेड, मग गॅरेज नाही तर लॉन. हे धरणावर घडत नाही, प्रभागात घडतं, आणि कोणाचे ट्रक आहेत ते निम्म्या प्रभागाला ठाऊक असतं. नगरसेवकाला तर असतंच.

तेव्हा पहिला प्रश्न असा विचारा : "नदीच्या कडेचा भराव काढण्यासाठी तुम्ही पत्र कोणाला लिहिणार, आणि तो भराव तुमच्याच ओळखीच्या माणसाचा निघाला तर?" दुसऱ्या भागावर तो हसेल. कसा हसतो ते बघा.

दुसरा प्रश्न सूचनेचा. पाणी वाढणार हे कळल्यावर तुमच्या जिन्यापर्यंत निरोप कोण आणणार? भोंगा, लाउडस्पीकरची गाडी, की प्रत्येक सोसायटीतल्या दोघांचे नंबर असलेली यादी? मला ती यादी सगळ्यांत पटते, कारण तिला टेंडर लागत नाही. मात्र मोबाइलवरच्या संदेशावर विसंबू नका. पहाटे चारला माणसं झोपलेली असतात. आणि त्या यादीत वीज बंद करणाऱ्याचाही नंबर हवा. त्याच दिवशी डेक्कनजवळ पुलाची वाडी इथे आपली हातगाडी हलवताना तिघा तरुणांचा विजेच्या धक्क्याने जीव गेला.

तिसरा प्रश्न या सदराच्या मथळ्यात आहे, आणि माझ्या मते तोच खरा. नगरसेवकाला प्रभागातल्या कामांसाठी दर वर्षी निधी मिळतो. पुण्यात त्याला 'स' यादी म्हणतात. या यादीतला लाडका पदार्थ म्हणजे गल्लीबोळाचं काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक. जुना डांबरी रस्ता न खरवडता त्यावरच सहा इंच काँक्रीट ओतलं की रस्ता सहा इंच चढला आणि तुमचं घर सहा इंच उतरलं. दोनदा केलं की एक फूट. पावसाळी चेंबरची जाळी एक तर बुजते किंवा खड्ड्यात जाते. मग साध्या वळवाचं पाणीही दुकानाच्या उंबऱ्यावर येतं आणि लोक म्हणतात, हवामान बदललं. हवामान बदललंच आहे, एका तासात पूर्वीपेक्षा जास्त पाऊस कोसळतो, हे मी रोज पर्जन्यमापक बघत होते तेव्हाच दिसायला लागलं होतं. पण तुमच्या उंबऱ्याची ती सहा इंचं ढगाने केलेली नाहीत.

इथे एक कबुली देते. नोकरीच्या सुरुवातीला एका बाजाराजवळच्या नाल्यावर पार्किंगसाठी स्लॅब टाकायचा आग्रह झाला. मी कागदावर 'सफाईसाठी जागा ठेवावी' एवढं लिहिलं आणि सही केली. जागा ठेवली गेली नाही. तिसऱ्या पावसाळ्यात मागच्या चाळीत कमरेएवढं पाणी भरलं. स्लॅब फोडला तेव्हा आत पाण्याची एक पाइपलाइन नाल्यातून आडवी नेलेली सापडली. तिला केबलच्या वायरी गुंडाळलेल्या, वायरींना एक कापसाची गादी अडकलेली आणि गादीमागे नारळ, चपला, गाळ यांची चांगली पुरुषभर भिंत. गादी बाहेर काढायला सहा माणसं लागली. चाळीतली एक बाई काठावर उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "मॅडम, ही आमच्या आधी इथे राहायला आली वाटतं." त्या कागदावर सही माझीच होती. कोणताही उमेदवार नाला 'बंदिस्त' करण्याची भाषा करू लागला की मला ती गादी दिसते.

पुणेकरांना आंबील ओढ्याची रात्र आठवत असेल, २५ सप्टेंबर २०१९. तिथे धरणाचा दरवाजा उघडायचा प्रश्नच नव्हता. ओढाच चवताळला आणि टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. तेव्हा प्रभागातल्या ओढ्याबद्दल जो उमेदवार अवाक्षर काढत नाही, त्याची पुराची कळकळ मी तरी मनावर घेत नाही.

प्रश्न : आमची शाहूपुरीतली कुंभार गल्ली. जुलै लागला की घड्याळाआधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची. निम्म्या रंगलेल्या गणपतीच्या मूर्ती उचलून पळायचं. कोपरा सभेत उमेदवार पाऊण तास अलमट्टीवर बोलला. टाळ्या पण लई पडल्या. त्याला काय विचारावं? (एक मूर्तिकार, कोल्हापूर)

उत्तर : टाळ्या पडणारच, दादा. कर्नाटकातल्या या धरणाच्या फुगवट्याने आपल्याकडे पूर येतो ही तक्रार जुनी, आणि अलमट्टीवर बोलायला खर्च येत नाही. धरणाची उंची ५१९.६ वरून ५२४ मीटरच्या वर न्यायची की नाही, हा कर्नाटक, महाराष्ट्र, केंद्र आणि न्यायालय यांच्यातला झगडा आहे. त्यात महापालिकेच्या सभागृहात फार तर निषेधाचा ठराव होतो. आणि २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला मुख्य कारण मानलं नव्हतं. पात्रातली अतिक्रमणं, भराव, अडथळे यांच्याकडेही तिने बोट दाखवलं. समितीचं सगळं सगळ्यांना पटलेलं नाही, वाद चालूच आहे. पण त्या यादीतली अतिक्रमणं नगरसेवकाच्या हद्दीतली आहेत, अलमट्टी नाही. जयंती नाल्याला पंचगंगेचा फुगवटा लागला की पाणी नदीच्या उलट्या वाटेने शहरात शिरतं, हे तुम्हाला मी काय सांगणार.

त्याला एकच आकडा विचारा. बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ अशी दोन्ही वेळा पातळी ५५ च्या पुढे गेली. "मूर्ती हलवायला टेम्पो कितव्या फुटाला येणार, आणि मूर्ती ठेवायला कोरडा हॉल कोणता?" ३९ ला टेम्पो आला तर ओल्या मूर्ती सावकाश, हात न मोडता जातील. ४३ ला आला तर गल्लीत टेम्पो शिरणारच नाही. ज्याने हा विचार केला असेल तो पटकन फूट सांगेल, हॉलचं नाव सांगेल, तिथल्या चावीवाल्याचंही नाव सांगेल. नसेल केला तर परत अलमट्टीवर जाईल.

प्रश्न : आमच्या उमेदवाराच्या पत्रकात 'मुंबई २०५० पर्यंत नेट झिरो' असं छापलंय. हे त्यांचं आश्वासन आहे की आधीचं? (एक वाचक, कुर्ला)

उत्तर : आधीचं. नेट झिरो म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडायचा तेवढाच शोषला जाईल असं बघायचं. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला. देशाचं लक्ष्य २०७० चं, मुंबईने २०५० धरलं. गंमत बघा, महापालिकेची मुदत त्याच महिन्याच्या ७ तारखेला संपली आणि आराखडा १३ तारखेला आला. म्हणजे तो आला तेव्हा सभागृह रिकामं, आणि पुढेही रिकामंच. त्याच्यावर एकाही नगरसेवकाने सभागृहात उभं राहून प्रश्न विचारलेला नाही, कारण विचारायला नगरसेवकच नव्हते. २०२४ च्या जूनमध्ये पालिकेने हवामान अर्थसंकल्पाचा अहवालही काढला, तेव्हाही तेच.

म्हणून तुमच्या उमेदवाराला म्हणा, "२०५० राहू दे. पहिल्या सभेत कोणता प्रश्न विचारणार?" तो सुचत नसेल तर मी देते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच्या आधीपासून, १९९३ पासून, पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल पडून होता : ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेणारी गटारं ताशी ५० ची करा आणि भरतीच्या वेळी पाणी समुद्रात फेकायला पंपिंग स्टेशनं बांधा. ठरलेल्या आठांपैकी माहुल आणि मोगरा ही दोन जागेच्या भानगडीत वर्षानुवर्षं अडकली. कुर्ल्याच्या माणसाने माहुलचं विचारायचं नाही तर कोणी विचारायचं?

प्रश्न : टिनाच्या छपराखाली राहतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, कूलरमधून बी गरम हवा येते. पुरावर सारे बोलतात, उन्हावर कोणी बोलत नाही. नगरसेवक काय करू शकते? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : ऊन फोटोत दिसत नाही, म्हणून त्याच्यावर कोणी बोलत नाही. पूर आला की नेता होडीत बसतो. उन्हात कशात बसणार?

अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसं दगावली. त्यानंतर तिथल्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्माघात कृती आराखडा केला. त्यातली आणि पुढे त्यात भर घातलेली कामं बघितली तर नगरसेवकाच्या आवाक्यातलीच निघतात : टिनावर पांढरा चुना किंवा पांढरा रंग, आदल्या दिवशी इशारा, दवाखान्यात उष्माघाताच्या खाटा, पाणपोया. छपराला चुना मारला की आतला उकाडा खरंच कमी होतो, करून बघा, मार्चअखेरीस दोन हात द्या.

मला स्वतःला एक गोष्ट कधी कळली नाही. बऱ्याच महापालिका बागांना दुपारी अकरा-बारा ते चार कुलूप लावतात. शहरातली सगळ्यांत गार सावली, आणि नेमकी ती लागते तेव्हाच बंद. ते कुलूप काढायला सरकारचा जीआर लागत नाही, एका वॉचमनची पाळी लागते. उमेदवाराला एवढंच विचारा. शिवाय तुमच्या वस्तीत टँकर किती वाजता येतो? भर दुपारी एकला येत असेल तर बायाबापड्या उन्हात रांग लावतात. ती वेळ सकाळी सातची करून दिली तरी त्या माणसाने हवामानावर काम केलं असं मी म्हणेन.

प्रश्न : मी पहिल्यांदाच मत देणार आहे. आमच्याकडे चार जणांचा प्रभाग, म्हणजे चार मतं. सगळ्या जाहीरनाम्यांत 'ग्रीन सिटी', 'क्लायमेट फ्रेंडली', 'लाखो झाडं' आहे. वाचून डोकं गरगरतं. (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : जाहीरनामा ठेव बाजूला. उमेदवार पूर्वी निवडून आलेला असेल तर महापालिकेचं अंदाजपत्रक उघड. संकेतस्थळावर असतं, जाडजूड असतं, पण तुला फक्त तुझ्या प्रभागाची पानं बघायची आहेत. बाकडी किती, नामफलक किती, कमानी किती, काँक्रीट किती आणि पावसाळी वाहिन्या किती, पेन्सिलने खुणा कर. मग 'वर्गीकरण' हा शब्द शिकून घे. एका कामासाठी ठेवलेले पैसे ठराव करून दुसऱ्या कामाकडे वळवायचे, याला आमच्याकडे वर्गीकरण म्हणतात. पावसाळी वाहिनीचे पैसे डिसेंबरात वळतात आणि मार्चात त्याचे पेव्हर ब्लॉक होतात. असे ठराव मी इतके बघितलेत की त्यांची भाषा पाठ आहे.

झाडं लावायला हरकत नाही. पण तोडायच्या परवानग्या वृक्ष प्राधिकरणाकडे जातात, आणि त्या प्राधिकरणावर नगरसेवकही असतात. तेव्हा 'किती लावणार' याच्याऐवजी 'रस्तारुंदीत जाणाऱ्या झाडांवर हरकत घेणार का' हे विचार. आणि आहे त्या झाडाच्या बुंध्याला गळ्यापर्यंत काँक्रीट ओतणारा कोण, ते तुझ्याच रस्त्यावर चालून बघ. वादळात जी झाडं उन्मळतात, त्यांच्या मुळांशी बघशील तर बहुतेक वेळा माती नसते.

चार जणांच्या प्रभागाची एक अडचण सांगून ठेवते. पाणी तुंबलं की अ म्हणतो ब चं काम, ब म्हणतो क चं. त्यामुळे आत्ताच, चौघांसमोर, ओढा कोणाकडे हे वदवून घे. फोनवर रेकॉर्ड केलंस तर उत्तम.

प्रश्न : महिला राखीव जागेवर माझी जाऊबाई उभी आहे. ती खरंच मनापासून काम करणारी आहे, पण पत्रक दीर लिहितायत आणि त्यात 'स्मार्ट' हा शब्द अकरा वेळा आलाय. ती मला म्हणाली, तुझ्या त्या मॅडमना विचार, पुराबद्दल काय लिहू. (एक वाचक, गाव लिहू नका)

उत्तर : गाव लिहीत नाही. जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा आणि दिरांना म्हणावं, जरा चहा घ्या तोवर.

पत्रक लिहायच्या आधी प्रभागातला नाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी चाला. साडी नको, सलवार आणि गमबूट. सोबत कार्यकर्ते नेऊ नका, आरोग्य खात्याचा मुकादम न्या. कुठे गाळ साठतो, कोणत्या मोरीत पाइप आडवा आहे, कोणाची संरक्षक भिंत दोन फूट आत सरकली आहे, हे त्याला पाठ असतं, आणि त्याला आजवर कोणी विचारलेलं नसतं. वहीत लिहून घ्या. साधारण तीन तास लागतील. नाकाला रुमाल लावू नका, तो बघत असतो.

मग पत्रकात एवढंच येऊ द्या. एक, नालेसफाई मे अखेरीस पूर्ण होईल आणि काढलेला गाळ त्याच आठवड्यात उचलला जाईल. (गाळ काठावर सुकत ठेवतात, बिल निघतं, आणि पहिला वळीव तो परत आत ढकलतो. सगळ्या खात्याला माहीत असतं.) दोन, माझ्या निधीतला एकही रस्ता आधी खरवडल्याशिवाय होणार नाही, त्याची पातळी वाढणार नाही. तीन, नाल्यावर नवा स्लॅब नाही. चार, पाणी भरतं त्या गल्ल्यांची यादी आणि तिथल्या म्हाताऱ्या, आजारी, गरोदर माणसांची यादी एक जूनला माझ्या घरी तयार असेल.

दुसऱ्या कलमावर ठेकेदार तुमच्या घरी येईल, बहुधा मतदानाच्या आधीच, आणि तो दिरांशी बोलायला मागेल. जाऊबाईंना सांगा, चहा स्वतः घेऊन बाहेर या आणि तिथेच बसा.